हनोई की सायगॉन?

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन व्हिएतनामला जायचंय, सहाच दिवस आहेत. हनोई करू, हो ची मिन्ह सिटी (म्हणजे जुनं सायगॉन) करू, का दोन्ही? आई पक्की शाकाहारी, बाबांना इतिहासाचं वेड.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही नका करू. मध्ये साधारण १७०० किलोमीटर आहेत, रेल्वेला ३० तासांच्या वर लागतात आणि विमान दोनेक तासांचं असलं तरी चेक-इन, एअरपोर्टची ये-जा धरून अख्खा दिवस गेलाच समजा.

मी हनोई म्हणेन. १०१० साली राजधानी म्हणून वसवलेलं शहर, ओल्ड क्वार्टरमधल्या गल्ल्यांची नावं अजून धंद्यावरून, चांदीची, रेशमाची, आपल्या तांबट आळीसारखी. फक्त फुटपाथवर स्कूटर आणि प्लास्टिकची बुटकी स्टुलं, त्यामुळे चालायचं रस्त्यावरूनच. रस्ता ओलांडताना आई-बाबांना सांगा, पळायचं नाही, मध्येच थबकायचं नाही, हळू एका चालीत जायचं, स्कूटरवाले बाजूने निघून जातात (पहिल्या दिवशी विश्वास बसत नाही). थंडीचं नाशिककरांना काय सांगायचं, पण तिथं १५-२० डिग्री आणि वर ढगाळ, दमट, म्हणून स्वेटर न्याच. आणि हनोईचं खरं कारण सांगू का, तर निन्ह बिन्ह, शंभरेक किलोमीटरवर, चुनखडीच्या डोंगरांखालच्या गुहांमधून वल्ह्याची होडी जाते, वयस्कर माणसांना बसल्या जागी सगळं दिसतं.

पण बाबांचा इतिहास म्हणजे अमेरिकेशी झालेलं युद्ध असेल तर माझं ऐकू नका, सरळ सायगॉनला जा. ३० एप्रिल १९७५ ला उत्तर व्हिएतनामचे रणगाडे जिथं शिरले आणि युद्ध संपलं तो राजवाडा, वॉर रेम्नंट्स म्युझियम (फोटो बघवत नाहीत, आईंना आधी कल्पना द्या), गनिमी सैनिकांची कू चीची भुयारं, सगळं तिथंच. शिवाय डिसेंबरात ऊन, पाऊस जवळपास नाही. शहर म्हणून मात्र मोठे रस्ते, टॉवर, मॉल, त्यात मला फार मजा वाटत नाही.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच, भाजीतही फिश सॉस पडतो, म्हणून बौद्ध शाकाहारी हॉटेलंच शोधा. अमावस्या-पौर्णिमेला तिथलेही बरेच लोक शाकाहार पाळतात. हनोईची एग कॉफी फेमस आहे पण त्यात बलक असतो, आईंसाठी नारळाची कॉफी मागवा.

ई-व्हिसा आधीच काढा. हनोईत व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, बाकी दिवशी सकाळीच जावं लागतं, हाफ पँट चालत नाही.