एआय कोड बदलून देतं, मग जावाच्या क्लासला साठ हजार कशाला?

नमस्कार ताई,

भांडुपहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा टीवाय बीएस्सी आयटीला आहे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बऱ्यापैकी येते, कॅम्पसला आलेल्या कंपनीने सांगितलं की बँकेची जुनी सिस्टीम जावा या दुसऱ्या भाषेत आणायचं काम आहे, आणि चिरंजीवांचं म्हणणं असं की जावा शिकायचं कशाला, एआयला कोड दिला की दोन मिनिटांत बदलून मिळतो. तुम्ही मात्र दादरच्या क्लासला साठ हजार भरायला निघालात, आणि विचारताय की बरोबर कोण.

पैसे तूर्तास भरू नका. पण त्याचंही अर्धंच बरोबर आहे.

एआय एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत बदलून देतं हे खरंय. फेसबुकच्या संशोधकांनी 2020 मध्येच सी प्लस प्लस, जावा आणि पायथन यांच्यात हे करून दाखवलं, आयबीएमने 2023 मध्ये खास कोबॉलचं जावा करणारं टूल जाहीर केलं. (कोबॉल म्हणजे 1959-60 सालची भाषा, कितीतरी बँकांमध्ये अजून चालू आहे.) मग कंपनी पोरांना पगार कशाचा देणार? नवीन कोडचं उत्तर जुन्याशी पैशापैशाने जुळतंय का, हे तपासायचा.

आज रात्री त्याला एवढं करून बघायला सांगा. जावात उणे सातला दोनने भागलं, दोन्ही पूर्णांक असतील तर, उत्तर उणे तीन येतं. पायथनमध्ये दोन तिरप्या रेघांचा भागाकार केला की उणे चार. अडीचला राऊंड करा, जावाचं मॅथ डॉट राऊंड तीन देतं आणि पायथनचं राऊंड दोन! कुठेही एरर येत नाही, प्रोग्राम मस्त चालतो, फक्त आकडा वेगळा. कोबॉलमध्ये पैसे साधारण दशमान पद्धतीनेच ठेवतात, ते जावात आणताना एआयने सरळ डबल (दशांशाचे आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) वापरलं तर 0.1 अधिक 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येतं, तिथे बिगडेसिमल (दशांश तंतोतंत ठेवणारा प्रकार) लागतं, आणि हे ज्याला माहीतच नाही तो पकडणार काय कपाळ. व्याजाच्या हिशोबात असं काही निसटलं तर ते लाखो खात्यांवर पसरतं.

म्हणून जावा वाचता आलीच पाहिजे, पटापट लिहिता नाही आली तरी चालेल. त्यासाठी फुकटचं मटेरियल ढिगाने पडलंय, भांडुप-दादर लोकलचे धक्के खायची गरज नाही. जर्नलमधलं जावाचं एखादं मोठं प्रॅक्टिकल घ्यायचं, एआयकडून पायथनमध्ये करून घ्यायचं आणि दोन्हीला तेच इनपुट द्यायचं: शून्य, उणे आकडे, रिकामी ओळ, दोनशे वीस कोटींसारखी मोठी रक्कम (जावाचा इंट, म्हणजे पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार, 2,147,483,647 ला संपतो, पायथनला अशी मर्यादाच नाही). कुठे फरक पडला, का पडला, हे वहीत लिहून मग गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकायचं. फेसबुकवाल्यांनी पण भाषांतर तपासताना शब्द जुळण्यावर भागवलं नव्हतं, कोड चालवून उत्तर तेच येतंय का हे बघितलं होतं. नंतर जमलं तर ग्नूकोबॉल (कोबॉल चालवायचं सॉफ्टवेअर) उतरवून व्याजाचा छोटा प्रोग्राम लिहू दे, तेही फुकट आहे. इंटरव्ह्यूत 'मी एआयच्या भाषांतरातल्या ह्या ह्या चुका पकडल्या' असं वही उघडून सांगणारा पोरगा आणि नुसतं क्लासचं सर्टिफिकेट पुढे करणारा, यात मी तरी पहिल्यालाच घेईन.

दोन महिने हे करूनही जावा डोक्यात शिरत नसेल तर क्लास लावा, पण आधी डेमो लेक्चरला बसवा आणि एकरकमी फी देऊ नका.

आणि एक गोष्ट आत्ताच त्याच्या कानावर घाला, कारण ही सवय कॉलेजातच लागते: नोकरी लागल्यावर कंपनीचा कोड परवानगीशिवाय फुकटच्या एआयमध्ये पेस्ट करायचा नाही, बँकेचा तर अजिबात नाही, अशाने नोकरी जाऊ शकते.