हॅकेथॉनमध्ये माफियासारखा ऑनलाइन खेळ: आधी गुपित सांभाळा

हॅकेथॉन, म्हणजे ठरलेल्या तासांत सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा. तिथे माफियासारखा ऑनलाइन खेळ करायचा बेत अनेकदा असा असतो: चोवीस तास, तिघांची टीम, थ्रीडी नकाशा, व्हॉइस चॅट, आठ भूमिका. आणि प्रश्न असा की फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, कोणता घ्यावा. (माफियात गटात लपलेले माफिया रात्री गुपचूप एकेकाला मारतात, आणि दिवसा सगळे चर्चा करून मताने संशयिताला बाद करतात.) हाताला सवयीचं असेल ते घ्या. नकाशा आणि व्हॉइस मात्र आजच यादीतून काढा. 'अमंग अस' हा याच धर्तीचा व्हिडिओ गेम आल्यापासून इकडेतिकडे पळणारी पात्रं म्हणजेच हा खेळ असं अनेकांना वाटतं. दिमित्री दाविदोव्हने १९८६ मध्ये मॉस्कोत माफिया सुरू केला तेव्हा नकाशा कुठे होता? कोणाला काय माहीत आहे, यातल्या फरकावरच सगळा खेळ उभा राहतो. व्हॉइसचं म्हणाल तर आठ जणांना एकमेकांशी थेट जोडायचं म्हणजे २८ जोडण्या. हॅकेथॉनमध्ये लोक एकाच हॉलमध्ये बसलेले असतात, बोलू द्या त्यांना तोंडाने.

पहिलं फंक्शन हे लिहा: खेळाची संपूर्ण स्थिती आणि एक खेळाडू घ्यायचा, आणि त्या खेळाडूला जेवढं दिसायला हवं तेवढंच परत द्यायचं. सर्व्हरवरून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट याच दारातून जाईल. अख्खी स्थिती सगळ्यांना पाठवून भूमिका फक्त स्क्रीनवर लपवणं हा सर्रास दिसणारा प्रकार आहे. समोरचा परीक्षक ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब (सर्व्हरकडून आलेला डेटा दाखवणारा) उघडतो आणि माफिया कोण ते वाचून दाखवतो.

गुपित डेटामधूनच फुटतं असं नाही, वेळेतूनही फुटतं. सगळ्यांच्या चाली झाल्या की रात्र लगेच संपवायची, हे वरवर शहाणपणाचं वाटतं. पण डॉक्टर (रात्री एकाला वाचवू शकणारा खेळाडू) विचार करत बसला की रात्र लांबते, आणि तो मेल्यावर रात्री आखूड झाल्या की हुशार खेळाडू बरोबर ताडतो. म्हणून रात्रीची लांबी ठरलेली ठेवा. तसंच, समोरासमोर खेळताना रात्री फक्त माफियाचाच अंगठा हलत असेल तर शेजाऱ्याला दिसणारच. साध्या गावकऱ्यालाही काहीतरी दाबायला द्या, 'तुमचा संशय कोणावर?' एवढं पुरे. त्या उत्तरांचा निकालाच्या स्क्रीनवर मजेशीर उपयोगही होतो.

बाकी रचना साधी ठेवा. लॉबी (खेळाडू जमेपर्यंतची), रात्र, चर्चा, मतदान, निकाल अशा पाच अवस्था. कोणताही संदेश आला की ही चाल या अवस्थेत चालते का, हा माणूस जिवंत आहे का, हे सर्व्हरने तपासायचं. घड्याळही सर्व्हरचंच. क्लायंटला, म्हणजे खेळाडूच्या ब्राउझरला, उरलेले मिलिसेकंद पाठवा, कारण मागे पडलेल्या टॅबमधले टायमर ब्राउझर मंदावतो. डेटाबेस नको, एका प्रोसेसच्या मेमरीत सगळं मावतं. फक्त मग सर्व्हरलेसवर (विनंती आली की तेवढ्यापुरता कोड चालवणाऱ्या सेवेवर) टाकू नका, तिथे पुढची विनंती त्याच मेमरीकडे जाईल याची खात्री नसते. भूमिका वाटायला फिशर-येट्स ही यादी पिसायची पद्धत वापरा. सॉर्टला रँडम तुलना देऊन केलेल्या वाटणीत सगळ्यांना समान संधी मिळत नाही.

फोन लॉक झाला की वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत चालू जोडणी) तुटतो, आणि हे हमखास होतं. सॉकेटचा आयडी म्हणजे खेळाडू असं धरलंत तर परत आलेला माणूस नवखा ठरतो. आत येतानाच प्रत्येकाला एक टोकन, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त कोड, द्या. ते सेशनस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या त्या टॅबपुरत्या साठवणीत) ठेवा: लोकलस्टोरेज सगळ्या टॅबमध्ये एकच असतं, त्यामुळे एका लॅपटॉपवर सहा टॅब उघडून चाचणी करायला गेलात तर सहाही टॅब एकच खेळाडू होतील. (रात्री तीन वाजता हे शोधत बसायला फार वाईट वाटतं.)

आठ भूमिकांच्या जागी तीन खास: माफिया, डॉक्टर, डिटेक्टिव्ह (रात्री एकाची खरी बाजू तपासणारा), आणि उरलेले गावकरी. सात जणांत दोन माफियांपासून सुरुवात करा. ब्राव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की डिटेक्टिव्ह नसताना एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या पटीतले माफिया असले तरी दोन्ही बाजूंना जिंकायची तुल्यबळ संधी असते. हे मोठ्या गटांचं गणित आहे. सात जणांत आकडा खेळून बघूनच बसवावा लागतो, तेव्हा तो कोडमध्ये गाडू नका, सेटिंगमध्ये ठेवा.

डेमोसाठी वेगळा मोड हवाच: रात्र दहा सेकंद, चर्चा चाळीस, एकच फेरी आणि कोणीही बाद नाही. पहिल्याच मिनिटाला परीक्षक मेला तर उरलेला वेळ तो स्वतःचा फोन बघत बसेल. क्यूआर कोड आणि चार अक्षरी रूम कोड दोन्ही द्या, लॉगिन अजिबात मागू नका. आणि माणसं कमी पडली तर जागा भरायला यादृच्छिक मत देणारे बॉट आधीच लिहून ठेवा, त्याला अर्धा तास लागतो.