लॅबमधल्या सामायिक कॉम्प्युटरवर विंडोज काम चालू असताना मध्येच अपडेट होऊन रिस्टार्ट होतं. हे अपडेट कायमचं बंद कसं करायचं?

कायमचं बंद करू नका. मी ते करून बसलो आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

माझ्याकडे चोवीस मशीनची लॅब होती. तास चालू असताना एखादं मशीन रिस्टार्ट व्हायचं आणि तक्रार वरपर्यंत जायची. विभागप्रमुख म्हणाले, "ते अपडेटचं एकदाचं बंद करून टाक." मी सर्व्हिसेसमध्ये (विंडोजच्या पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत) जाऊन चोवीसही मशीनवर विंडोज अपडेट डिसेबल केलं. काही आठवडे सगळं शांत. पण विंडोज १० पासून अपडेट मेडिक नावाची आणखी एक सर्व्हिस असते. बंद पाडलेलं अपडेट ती पुन्हा चालू करते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

साचलेलं सगळं उतरलं ते नेमकं प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी. सात नंबरच्या मशीनवरच्या मुलीचा प्रोग्राम जवळपास पूर्ण झाला होता. स्क्रीन गेली, ठिपके गोल फिरायला लागले, खाली टक्के. तिने की-बोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. फाइल सेव्ह केलेली नव्हती. वेळ वाढवून दिला, तरी पहिल्या ओळीपासून सगळं तिलाच लिहावं लागलं.

मीटिंगमध्ये ठपका माझ्यावर आला: "अपडेट नीट बंद केलं नव्हतं." खरं कारण वेगळंच होतं. साडेपाचला लॅबचा मेन स्विच बंद करायचा, असा वरच्यांचाच नियम. रात्री मशीनला वीजच नाही, मग अपडेटने इन्स्टॉल व्हायचं कधी? तासालाच. महिन्यातून एक रात्र मशीन चालू ठेवू द्या, असं मी दोनदा लेखी मागितलं होतं. वीज वाया जाते म्हणून दोन्ही वेळा नकार आला.

आता तुमचं. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) "कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स" उघडा, ४ नंबरचा पर्याय (आपोआप डाउनलोड, ठरल्या वेळी इन्स्टॉल) घ्या, वार आणि वेळ रात्रीची द्या. त्याचबरोबर, कुणी लॉग-इन असताना आपोआप रिस्टार्ट न करण्याची पॉलिसीही चालू करा. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्यामुळे कोणती रात्र मागायची हे वर्षभर आधी सांगता येतं. मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत लांबवता येतात. मी दोन मशीनवर लगेच घेतो, बाकीच्यांवर सात दिवसांनी. काही मोडलं तर त्या दोन मशीनवरच मोडतं.

"बंदच करा" म्हणणाऱ्यांना वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवत नाही. ज्या छिद्रातून ते पसरलं त्याचा पॅच (ते छिद्र बुजवणारं अपडेट) १४ मार्च २०१७ लाच आला होता, हल्ला झाला १२ मे रोजी. जवळजवळ दोन महिने हातात होते. आणि सामायिक मशीनला रोज कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागतात, तिथे तर पॅच आधी हवा.

हो, विंडोजच्या होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो. तिथे अ‍ॅक्टिव्ह अवर्स (ज्या वेळात आपोआप रिस्टार्ट होत नाही, जास्तीत जास्त १८ तास) आणि काही आठवड्यांचा पॉज, एवढंच हातात. रिस्टार्टला डिस्क पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्या रात्री ते तात्पुरतं बंद ठेवा, नाहीतर झालेलं अपडेट सकाळी पुसलं जातं. आणि सगळ्यांचं एकच खातं असेल तर निघताना प्रत्येक मशीन साइन आउट करा. तसंच लॉग-इन राहिलं तर वरच्या पॉलिसीमुळे रिस्टार्टच होणार नाही.

पण आधी मेन स्विच कोण बंद करतं ते बघा आणि त्या एका रात्रीची परवानगी लेखी घ्या. माझे दोन्ही अर्ज मी जपून ठेवले आहेत. त्या मीटिंगला ते बरोबर न नेल्याची चुटपुट अजून आहे.