टेस्ट केली तर घरी कळेल का?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा रात्री बारानंतर. मी समुपदेशक आहे, गे मुलं ज्या डेटिंग अॅपवर असतात तिथेच माझं प्रोफाइल आहे, वर सरळ लिहिलंय की एचआयव्ही टेस्टबद्दल काहीही विचारा, नाव सांगू नका. त्यातल्याच एकाची गोष्ट (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

पहिला मेसेज नुसता "हाय". मग टायपिंग दिसायचं, बंद व्हायचं, परत दिसायचं, दहा मिनिटं हेच. मी एवढंच लिहिलं, घाई नाही, मी जागा आहे. आधीच टेस्ट सेंटरची लिंक टाकली की माणूस गायब होतो, हे मी बऱ्याचदा बघितलंय. शेवटी त्याने सगळं एका दमात लिहिलं, चार महिन्यांपूर्वी एकदा कंडोमशिवाय झालं, तेव्हापासून जरा घसा दुखला तरी नेटवर लक्षणं शोधत बसतो, आणि दादा, टेस्ट केली तर घरी कळेल का, मी गे आहे हे तिथे सांगावं लागेल का?

मी म्हटलं, टेस्ट करून घ्यायला ते सांगावंच लागतं असं नाही, आणि रिपोर्ट तुझा, तो घरी कुणाला द्यायचा नसतो. लक्षणांवरून काही कळत नाही, कित्येकांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही. (72 तासांच्या आत आला असता तर पेप म्हणजे लागण रोखायच्या 28 दिवसांच्या गोळ्यांसाठी लगेच पाठवलं असतं, ती वेळ निघून गेली होती.) पण तीन महिन्यांचा विंडो पिरियड, म्हणजे लागण झाली तरी टेस्टमध्ये दिसेलच असं नाही तो काळ, उलटलाय म्हणजे आता निगेटिव्ह आली तर त्या घटनेपुरता भरवसा ठेवता येतो. तरी सेंटरवर जायला पाय उचलेना, तेव्हा सेल्फ टेस्टचं, म्हणजे घरीच स्वतः करायच्या टेस्टचं सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेने 2016 सालीच तिची शिफारस केलीय.

रविवारी त्याने रूमचं दार लावून बोटातून थेंब काढला आणि मी चॅटवर होतो. वीस मिनिटांनी फोटो आला. दुसरी रेघ होती, अगदी पुसट. "पुसट आहे म्हणजे थोडाच आहे ना?" खरं सांगतो, हे वाचून माझ्या पोटात कालवलं. दुसरी रेघ पुसट असली तरी पॉझिटिव्हच धरायची, पण सेल्फ टेस्ट शेवटचा शब्द नसते, सेंटरवर पुन्हा तपासावंच लागतं. यावेळी तो गेला, मी फोनवर होतो. पॉझिटिव्ह आलं.

त्याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या. त्याला वाटायचं आता आपल्याला कुणी हातही लावणार नाही. मग त्याला पार्टनर स्टडीबद्दल सांगितलं, 2019 ला आलेल्या त्या अभ्यासात 782 गे जोडपी होती, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरस गोळ्यांनी दबलेला, कंडोमशिवाय संबंध, आणि जोडीदाराकडून जोडीदाराला लागण एकदाही नाही. सहा महिन्यांनी त्याचाही व्हायरल लोड अनडिटेक्टेबल आला, म्हणजे रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये सापडणार नाही इतका कमी.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका मेसेजवर. त्या चार महिन्यांपूर्वीच्या मुलाला कळवायचं होतं. तीनदा लिहिला, आधी सॉरीनेच सुरुवात, मग कुणाकडून कुणाला झालं याचा हिशोब, दोन्ही त्याने स्वतःच काढून टाकलं. उरलं ते इतकंच, माझी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, तूही करून घे, काही विचारायचं असेल तर एक दादा आहे, त्याच्याशी बोल.

दोन दिवसांनी माझ्या प्रोफाइलवर एक नवीन "हाय" आला.