१९६७ची कॉर्व्हेट ‘नंबर्स मॅचिंग’ आहे म्हणतात. खरी कशी ओळखायची आणि किती पैसे द्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ शेव्हर्लेची १९६७ची कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छपराची) विकतायत. ४२७ क्युबिक इंचांचं, ४३५ हॉर्सपॉवरचं इंजिन, ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे इंजिनावरचे शिक्के गाडीच्या क्रमांकाशी जुळणारे, इंजिन मूळचंच. लिलावात अशीच गाडी जेवढ्याला गेली तेवढे पैसे मागतायत. द्यावेत का?

माझं उत्तर: ती ४३५ आहे हे सिद्ध होईपर्यंत ती ४३५ नाही असंच धरा, आणि किंमतही तशीच लावा. मालक खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. त्यांना ज्याने विकली त्यानेही त्यांना हेच सांगितलं असेल.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. सुरुवात भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये झाली, इथे आल्यावरही काम इंजिनांच्या मशिनिंगचंच. जुन्या कॉर्व्हेट बघायला मित्र मला बरोबर नेतात. पॉलिशवर माझा विश्वास नाही आणि लोखंडावर आहे, एवढंच माझं भांडवल.

आधी खोटेपणाचं कारण. १९६७ साली एकूण २२,९४० कॉर्व्हेट बनल्या, त्यातल्या ३,७५४ मध्ये हे ४३५चं इंजिन होतं, कंपनीच्या भाषेत एल-७१. तेव्हा ग्राहकाने त्यासाठी जादा ४३७ डॉलर मोजले. आज साध्या ३२७ क्युबिक इंचांच्या इंजिनाची गाडी आणि सिद्ध झालेली ४३५ची गाडी यांच्या किमतीत एवढी दरी आहे, की कुठलंसं ४२७ आणून बसवायचा खर्च त्यात सहज निघतो. आणि त्या काळच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, इंजिनाची नोंदच नाही. १९४६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, १९४३७ म्हणजे बंद छपराची कूपे, पुढचा ७ वर्षाचा, एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना, मग अनुक्रमांक. संपलं. इंजिन कुठलं याबद्दल एक अक्षर नाही. फोर्डवाल्यांना मार्टी रिपोर्ट, म्हणजे कंपनीच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळतो, पॉन्टियाकवाल्यांना कारखान्याच्या नोंदी मिळतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळच्या शेव्हर्लेसाठी तसं काही नाही. कॅनडात विकली गेलेली असेल तर मात्र शेव्हर्लेची मालक कंपनी जीएम, तिच्या कॅनडा शाखेकडून कागद निघतो. तुमची निघाली कॅनडाची तर नशीब.

दोन गोष्टी फोनवरच विचारा. गाडी ऑटोमॅटिक आहे का? फॅक्टरीचा एसी आहे का? एल-७१ला दोन्ही मिळत नव्हतं. ‘हो’ आलं तर पेट्रोल वाचलं. तीन कार्ब्युरेटर आणि त्यांच्यावरचा तिकोनी एअर क्लीनर बघून मात्र भुलू नका. तो सगळा सेट बाजारात नवा मिळतो.

आता मुख्य जागा. गाडीच्या उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या लगेच पुढे, ब्लॉकवर एक छोटा सपाट पट्टा आहे. त्याला इथे सगळे ‘पॅड’ म्हणतात. त्यावर दोन शिक्के हवेत. एक इंजिन कारखान्याचा, उदाहरणार्थ टी ०२१५ जेई: टी म्हणजे टोनावांडाचा इंजिन कारखाना, १५ फेब्रुवारीला जोडणी, आणि जेई म्हणजे ४३५चं इंजिन. दुसरा शिक्का गाडीच्या अनुक्रमांकाचा, तो सेंट लुईसला मारला जायचा. दोन गावं, दोन कारखाने, दोन वेगळी हत्यारं. दोन्ही शिक्के एकाच हाताने, एकाच खोलीने, एकाच वळणाच्या अक्षरांत मारलेले दिसले की माझे कान टवकारतात.

अक्षरांपेक्षा मी त्यांच्या खालचा पृष्ठभाग जास्त बघतो. कारखान्यात तो पट्टा ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ रेषेत ओढून, कापलेला असायचा, म्हणून त्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतात, नव्या पाटीवर ओला हात फिरवल्यासारख्या. जुना शिक्का घासून नवा मारायचा तर आधी या रेघा जातात. मग पट्टा आरशासारखा गुळगुळीत दिसतो, नाहीतर त्यावर गोल गोल चरे दिसतात. प्रामाणिक ओव्हरहॉलमध्येही ब्लॉकचा माथा कापला की रेघा जातात, तेव्हा रेघा नाहीत म्हणजे फसवणूकच, असं नाही. पण मग पुरावाही उरत नाही, आणि तुम्ही पैसे पुराव्याचे देताय. पट्टा साफ करायचा तर ब्रेक क्लीनर आणि मऊ फडकं. पॉलिश पेपर अजिबात नको. टॉर्च आडवी धरून फोटो काढा, समोरून फ्लॅश मारलात तर काहीच दिसणार नाही.

यानंतर तारखा. जमीन घेताना आपण नुसता सातबारा बघून थांबत नाही, फेरफारही काढतो. इथेही तसंच. आधी ब्लॉक ओतला गेला पाहिजे, मग इंजिन जोडलं गेलं पाहिजे, मग गाडी बनली पाहिजे. काही वर्षांपूर्वी ओहायोत एका मित्रासाठी लाल कन्व्हर्टिबल बघायला गेलो होतो. शिक्के देखणे, १५ फेब्रुवारी, जेई, अनुक्रमांक जुळणारा. मित्राने मनातल्या मनात गॅरेजमध्ये जागाही करून ठेवली. मी चटई टाकून खाली गेलो आणि ब्लॉकवरची ओतकामाची तारीख वाचली: डी १२ ७. डी म्हणजे चौथा महिना. १२ एप्रिलला ओतलेला ब्लॉक १५ फेब्रुवारीला जोडून तयार! लग्नाआधी बारसं. मालकाला दाखवलं तर तो बराच वेळ टॉर्च धरून बघत राहिला. बिचारा खरंच अनभिज्ञ होता, स्वतःही पूर्ण किंमत देऊन बसला होता.

इथे एक खोच आहे. ओतकामाच्या तारखेतलं अक्षर जानेवारीपासून मोजतात. ग्लोव्ह बॉक्सखालच्या ट्रिम टॅगवर, म्हणजे धातूच्या छोट्या पट्टीवर, बॉडी बनल्याची तारीख असते, तिथलं अक्षर मात्र त्या मॉडेल वर्षाचं उत्पादन सुरू झालं तिथून मोजायचं. हे माहीत नसल्याने लोक चांगल्या गाड्या खोट्या ठरवतात. टॅग आणि व्हीआयएनची पट्टी ज्या रिव्हेटनी बसवलीय ते कुणी हलवलेले दिसले तर मात्र तिथूनच परत फिरा. तो किमतीचा मामला राहत नाही, कायद्याचा होतो. गिअरबॉक्सवरही अनुक्रमांक असतो आणि चासीवरही. चासीवरचा बॉडीखाली लपलेला असतो म्हणून छोटा आरसा न्या.

कागदांत सगळ्यात मोलाचा म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर चिकटवलेला ऑर्डरचा कागद. टाकी खाली घेतल्याशिवाय दिसत नाही आणि बहुतेकांचा कुजलेला असतो. त्याखालोखाल वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट. दोन्हींच्या नकला मिळतात, तेव्हा कागदाचं जुनेपण, घड्या, डाग बघा. १९७४ साली सुरू झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी गाडी बनल्याची तारीख आणि ती कुठल्या डीलरकडे गेली हे सांगणारा अहवाल देते. तो जरूर मागवा, पण इंजिन त्यातही नाही.

बॉडी फायबरग्लासची आहे म्हणून ‘गंज नाही’ असं मालक म्हणतीलच. आतला पोलादी सांगाडा, इथले लोक ज्याला बर्डकेज म्हणतात, तो व्यवस्थित गंजतो. काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे आधी बघा. आणि पॅनेलच्या आतून हात फिरवा. कारखान्याचं पॅनेल दाबून घडवलेलं, आतूनही गुळगुळीत. नंतर हाताने घातलेलं आतून खरखरीत, धागे लागतात. म्हणजे कधीतरी ठोकलेली आहे.

किमतीकडे येतो. लिलावाचा आकडा वाचताना तो हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा, आहे की वर प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं कमिशन, धरून, हे बघा. जानेवारी २०१४ मध्ये बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात १९६७ची एक लाल एल-८८ कूपे (शर्यतीसाठीच्या इंजिनाची) गेली: हातोडा ३५ लाख डॉलरला पडला, खरेदीदाराने दिले ३८ लाख ५० हजार. त्या वर्षी एल-८८ फक्त २० बनल्या. (कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तिची ताकद ४३० लिहिलेली, तुमच्या ४३५पेक्षा कमी! प्रत्यक्षात ५००च्या वर. गिऱ्हाइकाने शर्यतीशिवाय घेऊच नये म्हणून केलेली चलाखी.) तो आकडा तुमच्या गाडीला लावू नका. मागच्या वर्षभरात खरोखर विकल्या गेलेल्या ४३५च्या कन्व्हर्टिबल शोधा, त्यांची दोन ढिगांत वाटणी करा: मूळ इंजिन सिद्ध असलेल्या आणि नसलेल्या. जाहिरातीतल्या किमती सोडून द्या, ती नुसती इच्छा असते.

पॅडवर रेघा आहेत, तारखा जुळतात, एखादा जुना कागद आहे, तर पहिल्या ढिगातली किंमत द्या, घासाघीस करू नका, गाडी हातची जाईल. नाहीतर दुसऱ्या ढिगातली. मालक म्हणाले ‘इंजिन मूळचंच आहे हो, माझा शब्द’, तर शब्दाचे पैसे वेगळे देऊ नका. मोठ्या रकमेआधी त्या रिस्टोरर्स सोसायटीत परीक्षण करणाऱ्या एखाद्या जाणत्याला फी देऊन आणा, मित्राचे ओहायोत जेवढे गेले असते त्याच्या तुलनेत ती फी काहीच नाही. घेतलीत तर विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा, म्हणजे आधीच ठरवलेल्या किमतीचा, करा, साध्या पॉलिसीत ती साठ वर्षं जुनी गाडी समजूनच घसारा काढतील.

पॅडचा फोटो मिळाला की इथेच टाका. अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाकून.