आधी समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक घे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. विषय मुंबई आणि हवामान बदल, पण मुंबई उगवते थेट चौथ्या प्रकरणात. त्याआधी हिमनद्या, पॅरिस करार, जगभरचे आलेख. स्पष्टच सांगतो, पहिली तीन प्रकरणं काढून टाक. ज्याला ती कळतात त्याला ती पाठ आहेत, आणि ज्याच्या हातात निधी आहे तो ती उलटून पुढे जाणार.

सुरुवात पातमुखांपासून कर. पावसाळी नाला जिथे समुद्रात किंवा खाडीत उघडतो ते तोंड. ब्रिमस्टोवॅड, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पाच्या कागदपत्रांत मुंबईची अशी १८६ पातमुखं आहेत. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ त्याच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीला न भिणारी फक्त ६. पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की शहराचं पाणी बाहेर जायचं राहिलं बाजूला, समुद्रच नाल्यातून आत शिरतो. म्हणून काही ठिकाणी गेट बसवली: भरतीला गेट खाली सोडून बंद करायचं आणि आतलं पाणी पंपाने उचलून पलीकडे टाकायचं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, इर्ला, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं उभी राहिली. मोगरा आणि माहूल वर्षानुवर्षं रखडली. दादरजवळच्या हिंदमाताला तुंबणारं पाणी आता जमिनीखालच्या टाक्यांत साठवतात, ओहोटी लागेपर्यंत. त्यामागचं गणितही हेच.

आता तुझा मुद्दा. समुद्राची पातळी वाढणं म्हणजे मरीन ड्राइव्हवर उसळलेली लाट, हे चित्र डोक्यातून काढ. पातळी काही सेंटिमीटरनी वाढली की पहिला फरक पडतो तो गेट बंद ठेवण्याच्या तासांत. आज वर्षातले जितके तास भरतीचं पाणी नाल्याच्या तळाच्या वर असतं, त्यात भर पडते. तितके तास नाला निरुपयोगी, आणि पंप असेल तर तितकं वीजबिल जास्त. हा हिशेब एका पातमुखासाठी जरी नीट केलास, तरी तुझ्या तीन प्रकरणांपेक्षा तो वजनदार ठरेल. आजची पातळी आणि आणखी २० सेंटिमीटर, एवढे दोनच रकाने पुरेत.

यात एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. भरतीच्या तक्त्यात ४.५ मीटर लिहिलेलं असतं ते चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळजवळ नीचतम ओहोटीपासून मोजलेलं. डेटम म्हणजे उंची मोजायची शून्यरेषा. सरासरी समुद्रपातळी त्याच्या अंदाजे अडीच मीटर वर येते. पालिकेच्या जुन्या नकाशांवर मात्र शहराची स्वतःची शून्यरेषा, टाउन हॉल डेटम असतो, आणि सर्व्हेच्या नकाशांवर सरासरी समुद्रपातळी. हे तिन्ही एका पट्टीवर आणल्याशिवाय एकही आकडा लिहू नकोस. ‘४.५ मीटरच्या भरतीत ४ मीटर उंचीची वस्ती बुडणार’ असले मथळे यातूनच निघतात.

पावसाचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, हा आकडा तू दिला आहेसच. पण जुने नाले तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेले, तेही ओहोटी धरून. ब्रिमस्टोवॅडने लक्ष्य ५० वर नेलं. परीक्षकाने विचारलं की ५० गुणिले २४ म्हणजे १२००, मग ९४४ पुन्हा पडला तर भीती कसली, तर काय सांगशील? तो पाऊस मुख्यतः दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला होता. दिवसाची बेरीज नाल्याला कळत नाही, त्याला कळतो त्या तासाचा मारा. २००५ नंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, ते १५-१५ मिनिटांची नोंद ठेवतात. ती माग.

कोळीवाड्यांचं प्रकरण तू शेवटी ढकललंस, ते वर घे. वरळीच्या मच्छीमारांनी कोस्टल रोडच्या दोन खांबांमधलं अंतर बोटींना अपुरं आहे म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं, आणि शेवटी एक खांब वगळून गाळा १२० मीटरचा करावा लागला. तिथला प्रवाह कसा वळतो हे नाखवा सांगत होता, आणि ते कागदावर यायला काम अर्धं व्हावं लागलं. वर्सोव्यालाही जा. वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूच्या मांडणीवर, बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांशी बोल, पण ‘हवामान बदलाबद्दल काय वाटतं’ असं विचारू नकोस. मावशी, आगोटीचा माल यंदा किती भिजला, असं विचार. आगोटी म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. सुक्या मासळीचा धंदा मेच्या उन्हावर चालतो. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, २०२५ ला तर २६ मे रोजीच मान्सून मुंबईत दाखल झाला. त्यांच्याकडे हिशेबाच्या वह्या असतात, आणि आपल्या आलेखांपेक्षा त्या मला जास्त खऱ्या वाटतात. सकाळी लिलावाच्या वेळेला मात्र जाऊ नकोस, कुणी उभं करणार नाही.

खारफुटीवर तू सुंदर लिहिलंयस, जरा जास्तच सुंदर. तिवरं लाटेचा जोर मोडतात, गाळ धरतात, खाजणात भरतीचं पाणी पसरायला जागा राहते, इथवर ठीक. पण नाल्यातून उलटं आलेलं पाणी ती थांबवत नाहीत. दोन्ही गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की विरोधकांचं फावतं. त्यापेक्षा उच्च न्यायालयाचा खारफुटीबद्दलचा २००५ चा आदेश आणि २०१८ चा निकाल मुळातून वाच.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ चा, निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचं उद्दिष्ट २०५० चं, म्हणजे देशाच्या २०७० च्या २० वर्षं आधी. कागद चांगला आहे. त्याच्या शेजारी पालिकेचं क्लायमेट बजेट ठेव आणि कुठलं काम नवं, कुठल्या जुन्या कामावर हिरवी चिठ्ठी लावली, ते शोध. इथे हात आखडता घेऊ नकोस.

पातमुख निवडताना लव्हग्रोव्ह घेऊ नकोस, सगळे तेच घेतात. ना पंप ना गेट असलेलं एखादं लहानसं निवड. वॉर्ड ऑफिसात अर्ज करताना नुसती ‘माहिती मिळावी’ असं लिहिलंस तर माहितीपत्रक हातात पडेल. पातमुखाची इन्व्हर्ट लेव्हल म्हणजे तळाची पातळी, डेटम आणि शेवटच्या मोजणीची तारीख, असं स्पष्ट माग. उत्तर आलं की मला पाठव, मग तक्ता एकत्र बसून करू.

तुझा,
पर्जन्यजल खात्यातला एक निवृत्त इंजिनिअर