साडेआठ हजारांच्या सीडीबद्दल

प्रिय बाय,

तुझा मेसेज परवा रात्री बघितला, गायिका केसरबाई केरकरांच्या, छपाई बंद झालेल्या जुन्या सीडीच्या कव्हरचा फोटो आणि खाली एवढंच, की काका, विकणारा साडेआठ हजार सांगतोय, रविवारपर्यंत ठेवतो म्हणालाय, घेऊ का. फोनवर नुसतं हो किंवा नाही बोललो असतो आणि हे प्रकरण तेवढ्यात संपणारं नाहीये, म्हणून सकाळी पडवीत बसून टाइप करतोय. लांबलं तर सांभाळून घे.

पहिलं म्हणजे तुझी हौस चुकीची आहे असं मी कधीच म्हणणार नाही. कुडाळात पहिली नोकरी, रूमचं भाडं, गाण्याच्या क्लासची फी, घरी पाठवायचे ते वेगळे, आणि एवढ्यातून एखादीला केसरबाईंच्या तबकड्यांची सीडी हवीशी वाटते याचा मला आनंदच आहे. हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात, मीही वर्षानुवर्षं तसंच मानत आलो, पण विकणारा तुझ्या हौसेला बरोबर मोल लावतो गं, आणि ते लावताना तो तुझी घाई बघतो. रविवारपर्यंत हे त्यातलंच. ती सीडी त्याच्याकडे किती महिने पडून आहे ते एकदा विचार त्याला.

आता पैसे नेमके कशाचे देतेयस ते बघू. केसरबाई केरकर आपल्या शेजारच्या, गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२ चा, गाण्याची तालीम अल्लादिया खाँसाहेबांची. १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तिच्यावर त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. तर त्यांच्या काळातल्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात राग उभा करायचा. ते गाणं सीडीसाठी गायलेलंच नाहीये, सीडी म्हणजे त्या तबकड्यांवरून कुणीतरी खूप नंतर केलेली एक प्रत. आणि आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा, प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा, म्हणजे १९६० च्या आधी निघालेल्या तबकड्या आज सगळ्यांसाठी मोकळ्या आहेत, आणि संग्राहक लोकांनी अशा कितीतरी नीट उतरवून इंटरनेटवर ऐकायला ठेवल्यात. एक संध्याकाळ काढ, सीडीच्या मागच्या बाजूची यादी समोर ठेव आणि एकेक राग, एकेक बंदिश शोधत जा. समजा चौदातल्या बारा सापडल्या, तर उरलेल्या दोन गाण्यांसाठी साडेआठ हजार द्यायचे का, हा प्रश्न तुला तुझाच सुटेल.

शोधताना कान मात्र उघडे ठेव. त्या तबकड्यांचा वेग नावाला ७८, प्रत्यक्षात रेकॉर्डिंगच्या वेळी थोडा मागेपुढे असायचा, आणि उतरवणाऱ्याने तो सुधारला नाही की गाणाऱ्याची पट्टीच बदलते, आवाज पातळ होतो, तान उगाच पळायला लागते. तानपुऱ्याचं ॲप लावून ताडून बघ, एकच तबकडी दोन ठिकाणी अर्ध्या सुराने वेगळी भेटते. शिकणाऱ्या पोरीने त्या चुकीच्या पट्टीत गळा घासायला नको. दुसरं म्हणजे खरखर काढायच्या नादात काही लोक आवाजाची वरची झळाळी पण खरवडून टाकतात, मग सगळं रजईखालून आल्यासारखं ऐकू येतं. चांगल्या तबकडीवरून, योग्य वेगाने, फार न खरवडता उतरवलेली जुनी सीडी असेल तर तिला पैसे देण्यात अर्थ आहे, हे मी मनापासून सांगतो. पण तशी ती आहे का हे त्याच सीडीतला एखादा तुकडा ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि तू अजून एक सेकंदही ऐकलेलं नाहीयेस.

किमतीचं बघ. मागितलेली किंमत वेगळी आणि विकली गेलेली वेगळी. डिस्कॉग्ज ही रेकॉर्ड-सीडींच्या नोंदींची आणि खरेदी-विक्रीची वेबसाइट, तिच्यावर प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पान असतं, तिथे ती आधी कितीला विकली गेली, कमीत कमी, मधली, जास्तीत जास्त, शेवटची कधी, सगळं दिसतं. ईबेवरही विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर आहे. मोठ्या ऑनलाइन दुकानांत जे आकडे दिसतात ते बऱ्याचदा माणसाने टाकलेलेच नसतात, प्रोग्रॅम दुसऱ्या विक्रेत्याचा भाव बघून आपला ठरवतो. २०११ मध्ये माशीवरच्या एका जीवशास्त्राच्या पुस्तकाची किंमत अशीच दोन विक्रेत्यांच्या प्रोग्रॅमनी एकमेकांचं बघत बघत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर नेली होती, आणि ते घेतलं कुणीच नाही. तेव्हा कुणीतरी कुठेतरी बारा हजार लावलेत म्हणून साडेआठ स्वस्त, असं गणित करू नकोस.

आणि छापणं बंद झालं म्हणजे काहीतरी अलौकिक असणार असंही नाही. सीडी छापायची तर साच्यापासून खर्च, मग एकदम काही शे किंवा हजाराचा लॉट काढावा लागतो, तो संपला आणि पुढचा खपेल याची खात्री नसली की विषय संपला. कंपनी विकली जाते, करार संपतो, मास्टर टेप सापडत नाही. दुकानंच गेली. मी कोकणकन्येने रात्रभर बसून मुंबईला जायचो आणि स्टेशनवरून थेट काळा घोड्याला, ऱ्हिदम हाऊसला, हेडफोन लावून उभं राहून ऐकायचं आणि मग घ्यायचं. ते २०१६ मध्ये बंद झालं. त्यानंतर आपल्यासारख्यांना न ऐकता घ्यायची सवय लागली, आणि तिथेच फसायला सुरुवात झाली.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी नाट्यसंगीताची एक सीडी मला सहा हजारांना मिळाली, कव्हर कडक, आतलं पुस्तक व्यवस्थित, मी दोन दिवस नुसता बघत होतो. तिसऱ्या दिवशी खिडकीत उजेडाला धरली तर खालची बाजू हिरवट. घरच्या कॉम्प्युटरवर बर्न केलेली प्रत, कव्हर तेवढं खरं. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की मी एक फोटो मागितला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून तू आज त्याच्याकडे चकतीच्या खालच्या बाजूचा फोटो माग, चांगल्या उजेडातला. कारखान्यात छापलेली सीडी चंदेरी दिसते, बर्न केलेली हिरवट, निळसर किंवा पिवळट झाक मारते. मधल्या भोकाभोवती जो आरशासारखा पट्टा असतो त्यावर बारीक अक्षरांत छपाईचा नंबर असतो, तो वाचता येईल असा दुसरा फोटो माग आणि डिस्कॉग्जवर ताडून बघ. १९९४ नंतरच्या बऱ्याच सीडींवर तिथे आयएफपीआय असा कोडही सापडतो, त्याच्या आधीच्यांवर नसतो, त्यामुळे तो नाही म्हणजे नकली असं लगेच समजू नकोस. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पाचशेलाही घेऊ नये.

आता आपल्याकडचा मोठा प्रश्न, हवा. सीडी आली तेव्हा, १९८२ मध्ये, लोकांना वाटलं ही कायमची टिकणार. पण गाणं ज्या थरावर असतं तो ॲल्युमिनियमचा अगदी पातळ पापुद्रा, आणि तो चकतीच्या मध्ये नसतो गं, लेबलच्या लगेच खाली असतो, वरून फक्त लाखेसारखा एक हात. खालून ओरखडा गेला तर प्लास्टिकवर जातो आणि पुष्कळदा वाजते तरी, लेबलच्या बाजूने गेला तर गाणंच उडालं. त्या लाखेच्या थरातून दमट हवा शिरली की ॲल्युमिनियम काळवंडतं, टाचणीएवढी भोकं पडतात. २००१ मध्ये बेलीझ देशातल्या दमट उकाड्यात एका बुरशीने सीडीचा थर पोखरल्याचं शास्त्रज्ञांना सापडलं होतं, आणि आपल्याकडे मृगापासून नवरात्रापर्यंत काय वेगळं असतं? माझ्या शंभरेक सीडी एका पावसाळ्यात माळ्यावर राहिल्या, कौलातून गळलं नव्हतं तरी आतली पुस्तकं पानाला पान चिकटून बसली, सोडवायला गेलो तर अक्षरं निघून आली. आगोटीला आपण मिरची-मसाला, सोलं, सुकी मासळी डब्यात भरतो ना, तशी तुझी सीडीची पेटी भरत जा. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर महिन्याला पुड्या तापवून परत टाकायच्या, सीडी उभ्या ठेवायच्या, समुद्राकडच्या भिंतीला कपाट नको. पुसायची तर मधून कडेकडे सरळ, गोल गोल कधीच नाही.

आणि आली त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. एमपीथ्री नको, फ्लॅक नावाच्या प्रकारची फाइल कर, त्यात आवाजातलं काहीच गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. त्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे. दुर्मीळ सीडी असेल तर तिच्याशी ताडून बघायला दुसऱ्या कुणाची नोंद सापडेलच असं नाही, मग दोनदा उतरव आणि दोन्हीचे चेकसम, म्हणजे फाइलवरून प्रोग्रॅम काढतो ते ताळ्याचे आकडे, जुळतात का बघ. त्यानंतर मूळ चकती डब्यात गेली तरी चालेल.

मी महाग सीडी घेतलेल्या नाहीत असं समजू नकोस. एका मैफलीची सीडी मी बेचाळीसशेला घेतली आणि आज पण घेईन. ती मैफल दुसरीकडे कुठेच नाहीये, आधी चार महिने शोधून खात्री केली होती. दुसरं, आतल्या पुस्तकात तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, गाणं कुठे आणि कोणत्या साली झालं, बंदिशीचे पूर्ण शब्द, सगळं छापलंय. ॲपवर गाणं वाजतं पण संगत करणाऱ्याचं नाव बऱ्याचदा नसतंच, आणि अंतऱ्याचा एखादा शब्द कानाने लागत नाही तेव्हा ते चार पानांचं पुस्तक गुरूसारखं उपयोगी पडतं. ती बंदिश मी त्याच्यावरून बसवली. म्हणून त्याला सांग, आतल्या पुस्तकाच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव. नुसतं कव्हर आणि गाण्यांची यादी असेल तर माझ्या मते दीड हजाराच्या वर जाऊ नकोस. बंदिशी आणि माहिती असेल, तुकडा ऐकून पट्टी बरोबर वाटली, आणि शोधूनही निम्मी गाणी मिळाली नाहीत, तर तीन-साडेतीन हजारांपर्यंत जा, मी अडवणार नाही.

एक गोष्ट मनावर घे. जुन्या सीडीच्या साडेआठ हजारांतला एक पैसाही गाणाऱ्याच्या घरी जात नाही, तो सगळा विकणाऱ्याचा. केसरबाईंच्या बाबतीत आता काही करता येत नाही, पण आज जी माणसं गातायत, सावंतवाडीत, मडगावात, रत्नागिरीत, त्यांच्या मैफलीचं तिकीट काढ, त्यांनी स्वतः काढलेलं रेकॉर्डिंग त्यांच्या हातून घे. त्यातलं काय उद्या दुर्मीळ होणार ते आज कुणालाच कळत नसतं.

आणि थांब जरा. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, पण मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक तिथे जाऊन आपल्या घराचे चौथरे शोधतात. मी एकदा गेलोय. गेलेली रेकॉर्डिंगं पण अशीच वर येतात, कुणाची जन्मशताब्दी आली की कंपन्या कपाटं उघडतात, आणि नवी आवृत्ती आली की जुनीचा भाव खाली बसतो. त्याहून जवळचं म्हणजे आपली घरं. गणपतीत चाकरमानी आले की घराघरात विचार, आजोबांच्या कॅसेट, काकाच्या सीडी, माळ्यावर, फडताळात, खोक्यात असतात आणि त्यांचं काय करायचं ते कुणाला माहीत नसतं. माझ्याकडची निम्मी चांगली चीज अशीच आलीय, फुकट घेऊ नकोस मात्र, सगळं उतरवून त्या घराला पेन ड्राइव्हमध्ये भरून दे, आजोबांचा आवडता अभंग परत वाजला की त्या घरातली माणसं कशी गप्प बसून ऐकतात ते तू बघशील.

तर आज त्याला तीन फोटो आणि एक मिनिटाचा तुकडा माग, रविवारची मुदत विसर. आले की मला पाठव, रात्री बसून दोघं बघू. आणि चतुर्थीला येशील तेव्हा तुझी ती यूएसबीची सीडी ड्राइव्ह आठवणीने घेऊन ये, माझी बंद पडलीय आणि वरच्या आळीतल्या एका घरातून आलेलं अख्खं खोकं उतरवायचं राहिलंय.

तुझा,
काका